दप्तरी दाखल

आमच्या घरातला सगळ्यांत शांत व्हॉट्सॲप ग्रुप माझा आहे. नाव 'वाचायचे'. सभासद एक, मी. ग्रुप काढायचा तर आणखी एक माणूस लागतोच, असं काही वर्षांपूर्वी मुलीनं पुण्याहून फोनवर समजावलं होतं. म्हणून हिचा नंबर घातला, ग्रुप उघडला आणि लगेच हिला काढून टाकलं. काढल्याची वर्दी तिच्या फोनवर रीतसर पोचली. हात कणकेत असल्यामुळे तिनं ती लांबूनच वाचली आणि रात्री पानात बट्टी वाढता वाढता विचारलं, "अहो, बत्तीस वर्षांनी काढलंत होय मला?" मी तांत्रिक बाजू सविस्तर मांडली. तिनं ऐकून घेतली. तरी आजही आमच्याकडे पाहुणे आले की 'यांनी आमचं नाव कमी केलंय' हे वाक्य चहाबरोबर येतं.

पुढे स्वतःलाच निरोप पाठवायची सोय त्या ॲपमध्येच झाली. म्हणजे तिला काढायची गरजच नव्हती, थोडं थांबायला हवं होतं. पण तोवर ग्रुप भरभराटीला आला होता. सकाळी चहा घेताना फोन उघडावा, एखादा चांगला लेख दिसावा, चार ओळी वाचून 'वा' म्हणावं आणि तो ग्रुपवर टाकून द्यावा. नंतर निवांत वाचू. हे 'नंतर वाचू' आपल्याकडच्या 'या एकदा घरी'सारखं आहे. म्हणणारा खोटं बोलत नसतो, ऐकणारा येत नसतो आणि दोघांचंही बरं चाललेलं असतं.

माझं मात्र बरं चालेना, कारण पिंड कारकुनाचा. धुळ्यातल्या एका सरकारी कचेरीतून मी अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. 'प्रलंबित' हा शब्द आयुष्यभर लाल शाईनं लिहिला तो दुसऱ्यांच्या टेबलांबद्दल. आणि आता देवपुरात, स्वतःच्या घरात, सदऱ्याच्या खिशात प्रलंबित प्रकरणांचा ढीग घेऊन मीच हिंडतोय, हे मनाला लागलं. गेल्या उन्हाळ्यात, पंखा गरम हवाच इकडची तिकडे करत असताना, तीन दुपारी बसून मी मोजदाद केली. वहीत चार उभ्या रेघा, पाचवी आडवी, अशा जुड्या मांडत गेलो. एकूण भरले ३,६१४.

एक लेख सरासरी बारा मिनिटांचा धरला. त्याची ४३,३६८ मिनिटं झाली, म्हणजे ७२३ तास. रोज एक तास दिला तर ७२३ दिवस, दोन वर्षांना सात दिवस कमी. म्हटलं, होईल की. मग आवक पाहिली. जावक मांडून आवक विसरला तर तो कारकून कसला? आवक रोज सरासरी पाच. ७२३ दिवसांत ३,६१५. म्हणजे दोन वर्षं, एकही दिवस न चुकवता, रोज तासभर वाचून मी आज आहे तिथंच राहणार होतो. हे गणित मी तीनदा तपासलं. बरोबर होतं.

आत काय काय होतं म्हणाल, तर 'कांद्याचे भाव का पडले' आणि त्याच्याच खाली, आठ महिन्यांनी ठेवलेला, 'कांद्याचे भाव का चढले'. ज्या निवडणुकीत कोण येणार याची मीमांसा होती, त्यातला आलेला माणूस पाच वर्षं पुरी करून घरी गेला होता. टाळेबंदीत घरच्या घरी पाव कसा भाजावा याचे चौदा लेख होते, त्या काळात आमच्या घरात एकही पाव भाजला गेला नाही. 'गुडघे शाबूत ठेवणारी सात आसनं' होती. डाव्या गुडघ्याला आता त्यांचा उपयोग नाही, उजवा अजून आशेवर आहे. 'निवृत्तीनंतरची पहिली पाच वर्षं कशी घालवावीत' असाही एक होता. मला निवृत्त होऊन सहावं वर्ष चालू आहे. फोनपासून लांब कसं राहावं या विषयावरचे अकरा, सगळे फोनमध्येच.

आणि एक होता हृदयविकारानंतरच्या पथ्याबद्दलचा. ज्या मित्रासाठी तो ठेवला होता त्याला जाऊन तीन वर्षं झाली. तो मी वाचलाही नाही आणि काढलाही नाही.

आता ढीग दिसला की कारकुनाला एकच उपाय सुचतो, सहा गठ्ठे पद्धत. ज्यांनी सरकारी नोकरी केली नाही त्यांच्यासाठी सांगतो. टेबलावरचे सगळे कागद सहा गठ्ठ्यांत लावायचे. पहिला हातातल्या, प्रलंबित प्रकरणांचा. दुसरा प्रतीक्षाधीन, म्हणजे कुणाच्या तरी उत्तराची वाट पाहणाऱ्यांचा. तिसरा नियतकालिकांचा, ठरावीक मुदतीनं पाठवायची विवरणपत्रं यात. चौथा स्थायी आदेशांचा, पाचवा अभिलेख कक्षात पाठवायच्या कागदांचा आणि सहावा नष्ट करायच्या कागदांचा. शिवाय प्रत्येक कागदाला वर्ग असतो. 'अ' कायमचा, 'ब' तीस वर्षांचा, 'क' दहा वर्षांचा, 'ड' वर्षभराचा. हे सगळं नीट केलं तर टेबलाचा पृष्ठभाग दिसतो, आणि पृष्ठभाग दिसलेलं टेबल ही सरकारी कचेरीतली फार सुंदर गोष्ट असते. ऐंशीच्या दशकात अहमदनगरला जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कचेरीची सगळी मांडणीच बदलून टाकली, तो 'लखिना पॅटर्न' राज्यभर गाजला. पुढे 'झिरो पेंडन्सी' आली. आम्ही सगळ्यांतून गेलो. साहेब बदलले की गठ्ठ्यांचे रुमाल बदलायचे, पण पद्धत पक्की होती.

ती मी माझ्या ३,६१४ प्रकरणांना लावली. पहिल्या दिवशी शंभर लेखांचं वर्गीकरण केलं. एक्याण्णव 'अ' वर्गात गेले. मोहेंजोदडोचं सांडपाणी वर्षभरात नष्ट करायचं असं कसं म्हणणार? व्हेल मासे का गातात हे तीस वर्षांनी तरी लागणार नाही कशावरून? फार विचार करून 'शिळ्या भाकरीचे पाच पदार्थ' हा एक लेख 'ड'मध्ये घातला, आणि रात्री पाणी प्यायला उठलो तेव्हा तो 'क'मध्ये आणून ठेवला. नोकरीत मी दुसऱ्यांच्या अर्जांना वर्ग देत होतो. ज्याचा अर्ज, त्याच्या लेखी तो 'अ'च असणार, हे कळायला छत्तीस वर्षं आणि वर सहा वर्षं लागली.

शेजारी एक निवृत्त गुरुजी राहतात. संध्याकाळी आम्ही दोघं एकवीरेच्या देवळापर्यंत जाऊन येतो. त्यांना आकडा सांगितला. ते थांबले, माझ्याकडे पाहिलं, आणि शाळेत अख्खी हयात प्रमाण मराठीत घालवलेला हा माणूस सरळ अहिराणीवर आला. "इतलं कव्हय वाचशी रे भो?" मी विचारलं, तुम्ही काय करता? ते म्हणाले, मी काही ठेवतच नाही, समोर येईल ते वाचतो, भज्यांच्या पुडीचा कागदसुद्धा. तेल लागलं की अक्षरं जास्त चांगली दिसतात म्हणे. मी तेव्हा हसलो. पण त्या पुडीनं पुढे मला बराच त्रास दिला.

मुलीला सांगितलं, तर ती म्हणाली, बाबा, यासाठी चांगली ॲप्स आहेत, त्यात ठेवा. तिनंच मग सांगितलं की त्यातलं एक मोठं, 'पॉकेट' नावाचं, २००७ साली 'रीड इट लेटर' या नावानं निघालेलं, मोझिला कंपनीनं ८ जुलै २०२५ला बंद केलं. ज्यांचं जे ठेवलेलं होतं त्यांनी ते ठरावीक मुदतीत काढून न्यावं, असं कळवलं. जगभरातल्या लोकांनी आपापली गाठोडी उचलली आणि दुसऱ्या धर्मशाळेत नेऊन ठेवली. मला एकदम बरं वाटलं. देवपुरात एक कारकून बिघडलाय असं नसून ही साथ आहे, हे समजल्यावर आजाऱ्याला वाटतं तसं.

त्या धीरावर मी यादीच्या अगदी तळाशी गेलो. सर्वांत जुन्यापासून सुरुवात, हा कचेरीचा नियम. पहिली कडी दाबली. 'हे पान सापडले नाही.' दुसरी उघडली, तिथं आता गादीची जाहिरात होती. तिसरीवर मजकूर होता पण चित्रांच्या जागी नुसत्या चौकटी. वीस उघडल्या, त्यातल्या सात गेलेल्या. हे माझंच नशीब नाही. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरनं २०२४ साली तपासून सांगितलं की २०१३ साली इंटरनेटवर असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती. म्हणजे मी लेख जपतोय असं मला वाटत होतं, प्रत्यक्षात मी पत्ते जपत होतो, आणि घरमालक कधीच घर सोडून गेले होते. कारकुनी मनाला याचा आनंदही झाला, हे कबूल करतो. प्रकरणं आपोआप निकाली निघत होती.

याच्या उलट आमच्या आप्पांची वही. आप्पा धुळ्यात कापसाच्या अडतीवर दिवाणजी होते. वर्तमानपत्रातली कात्रणं ते जुन्या खतावणीत चिकटवत. कणकेची खळ करायची, बोटानं लावायची, वर वरवंटा ठेवायचा. ती खतावणी माझ्याकडे आहे. कसर लागलीय, पण त्यातलं एकही पान 'सापडले नाही' असं झालेलं नाही. आणि मुख्य गोष्ट, त्यातलं प्रत्येक कात्रण आप्पांनी वाचलेलं होतं. त्यात त्यांचा मोठेपणा नव्हता. अंक तीन घरांत मिळून एक यायचा. सकाळी आमच्याकडे, दुपारी समोरच्यांकडे, रात्री मागच्या वाड्यात फिरून तो परत येईपर्यंत कात्रीला हात लावायची सोय नव्हती. तोवर आप्पा तो लेख दोनदा वाचून, त्यावर समोरच्यांशी एकदा भांडून झालेले असत. ज्यावर भांडण व्हायचं तेच कापलं जायचं.

शिवाय कात्रणाला मागची बाजू असते. शेतकी संशोधनावरचा लेख उचलला की मागे अर्ध्या सिनेमाची जाहिरात, नायिकेचं कपाळ आणि एक डोळा. एका गंभीर अग्रलेखाच्या पाठीवर 'हरवला आहे' म्हणून कुणाचं तरी वर्णन, गोरा वर्ण, उजव्या भुवईवर, आणि तिथं कात्री लागलेली. भुवईवर काय होतं, तीळ की व्रण, हे मला आजतागायत कळलेलं नाही. माझ्या ३,६१४ लेखांपैकी एकानंही मला असं अडकवून ठेवलेलं नाही.

गुरुजींच्या पुडीकडे आता येतो. देवपुरातून पूल ओलांडून गावात गेलं की आमच्या धुळ्यात दोन ठिकाणं अशी आहेत, जिथं ठेवून ठेवण्याच्या बाबतीत माझ्यासारख्यानं जाऊन खाली मान घालावी. एक इतिहासाचार्य राजवाड्यांच्या नावाचं संशोधन मंडळ. वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच गेले, आणि त्यांच्या मागे त्यांचा संग्रह सांभाळायला हे मंडळ उभं राहिलं. राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे बावीस खंड काढले, पहिला १८९८ साली. त्यासाठी गावोगाव पायपीट केली. वाड्यांचे माळे, देवघरामागच्या अडगळी, उधईच्या तोंडातून आणि रद्दीच्या वाटेवरून दप्तरं ओढून काढली. भज्यांची पुडी होण्याच्या आधी एक पाऊल, अशा अवस्थेतला कागद त्यांना दिसायचा. दुसरं ठिकाण समर्थ वाग्देवता मंदिर. शंकर श्रीकृष्ण देव, म्हणजे नानासाहेब देव, यांनी १८९३ साली सत्कार्योत्तेजक सभा काढली आणि मठामठांतून रामदासी बाडं गोळा करण्यात हयात घालवली. समर्थांच्या हातचं मानलं जाणारं वाल्मीकी रामायण तिथंच आहे.

हे मी लहानपणापासून ऐकत आलो, शाळेची सहलही तिकडेच असायची, कारण तिला भाडं लागत नसे. पण या वेळी गेलो तो फोनमधला आकडा डोक्यात घेऊन, आणि उभ्या उभ्या एक साधी गोष्ट लक्षात आली. या लोकांकडे ठेवणं आणि वाचणं ही दोन कामं नव्हती. पोथी आपल्याकडे हवी तर ती उतरवून घ्यावी लागे. बोरू तासायचा, शाई करायची, ओळ वाचायची, ओळ लिहायची. रामायण जवळ असणं याचा अर्थ ते अक्षर अन् अक्षर हाताखालून गेलेलं असणं. राजवाड्यांनाही मोडीतला कागद लागला की वाचल्याशिवाय छापता येत नव्हता. माझ्या अंगठ्यानं या दोन कामांची वाटणी करून टाकली. ठेवायचं काम त्यानं स्वतःकडे घेतलं, अर्ध्या सेकंदाचं. वाचायचं काम डोळ्यांकडे प्रतीक्षाधीन. आणि लबाडी अशी की अंगठ्याचं काम झालं की मनाला काम झाल्याचंच समाधान मिळतं. लेख ग्रुपवर टाकताना मला जे सुख होतं ते तो वाचल्यावर होणाऱ्या सुखाहून कधीकधी जास्त असतं, हे खरं सांगायला हरकत नाही. वाचल्यावर निदान निम्मे लेख पडेलच निघतात.

धुळ्याच्याच तुरुंगात १९३२ साली विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली. २१ फेब्रुवारीला पहिला अध्याय, मग दर रविवारी एक, १९ जूनला अठरावा. साने गुरुजींनी ती ऐकता ऐकता लिहून घेतली म्हणून आज आपल्याकडे आहेत. अठरा अध्याय, अठरा रविवार, एकही खाडा नाही. मी कॅलेंडर काढून मोजले. हा हिशोब मला इतका आवडला की मीही दर रविवारी एक लेख, कागद-पेन घेऊन, असा नेम धरला. तीन रविवार गेले. चौथ्या रविवारी साखरपुडा निघाला, पाचव्याला कैऱ्या आल्या. विनोबांच्या श्रोत्यांना साखरपुड्याला जायची मुभा नव्हती, एवढी एक बाब माझ्या नजरेतून सुटली होती.

शेवटी मदतीला आले ते माझे मामा, तेही वारल्यावर पंचवीस वर्षांनी. आजोळ साक्री तालुक्यात, पांझरेच्या काठी. तिथली शेती फडाची. पांझरा, तिकडे नाशिककडच्या मोसम, आरम, या नद्यांवर जुने दगडी बंधारे आहेत. ही पद्धत तीनशे वर्षांहून जुनी. बंधाऱ्यातून पाट निघतो, पाटातून चाऱ्या, चारीतून शेताशेतात जाणारे सारंग. सगळी भिजणारी जमीन ते थळ. थळाचे तीन-चार फड पाडायचे आणि एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. पाणी सोडायला पाटकरी, त्यांच्यावर हवालदार, राखणीला जागल्या. त्यांची नेमणूक गावच करणार. सरकारी कागद याला लागत नसे, मला हे तेव्हा फार धक्कादायक वाटलं होतं. पाऊस कमी झाला की माणसं बसून ठरवत, या साली अमुक फड भिजवायचा, अमुक कोरडा ठेवायचा. सगळ्याच फडांना थोडं थोडं पाणी दाखवायचं, असा दयाळूपणा कुणी करत नसे, कारण त्यात एकही पीक हाती लागत नाही.

पण मला त्या सगळ्यात आवडायचा तो सांडम. पाटाला मधेमधे एक तोंड ठेवलेलं असे. पाणी जास्त झालं की ते तिथून बाहेर पडून, खळखळत, परत नदीला जाऊन मिळायचं. आम्ही पोरं त्या तोंडाशी कागदाच्या होड्या सोडायचो. एकदा मी मामांना विचारलं, एवढं चांगलं पाणी परत सोडता, वाया नाही जात? मामा पाटाच्या कडेला बसून चिलीम भरत होते. म्हणाले, "अरे, खाले बी गावं शेतस ना." मग थोडं थांबून, सांडम बुजवला तर पाट फुटेल आणि हा समोरचा ऊस आडवा होईल, असंही म्हणाले. पहिलं वाक्य माणुसकीचं होतं, दुसरं शेतकऱ्याचं. मला पटलं ते दुसरं.

मी ग्रुपचे फड पाडले. पाणी-शेती, इतिहास, आरोग्य आणि इतर. या साली पाणी-शेतीचा फड भिजवायचा, बाकी कोरडे. ठराव वहीत लिहिला, खाली स्वतःची सही केली, हवालदार म्हणून. मग सांडम उघडला. कांद्याचे सगळे लेख साक्रीच्या मामेभावाला पाठवले, पावाचे चौदा मुलीला, गुडघ्याची आसनं गुरुजींना. गुडघे त्यांचेही आहेत आणि ते समोर येईल ते वाचतात. मोहेंजोदडोचं सांडपाणी एका ओळखीच्या नगर अभियंत्याला. दोन दिवसांत ऐंशी लेख गेले. खाली गावं होतीच. आठवड्यानं चौकशी केली. मामेभाऊ म्हणाला, ठेवलंय, पेरणी झाली की वाचतो. मुलगी म्हणाली, सेव्ह केलंय बाबा. अभियंत्यानं अंगठा दाखवला. भज्यांचा कागद वाचणारे गुरुजीसुद्धा फोन पुढे करून विचारू लागले की हे 'नंतर' कुठं ठेवायचं असतं. खालच्या गावांनी एक थेंबही शेतात घेतला नव्हता, सगळ्यांनी बंधारेच बांधले होते.

उरलेल्या फडांचं काय? कचेरीत एक शेरा होता, मला तो नेहमी फार सभ्य वाटत आला आहे. एखाद्या कागदावर काही करण्यासारखं उरलेलं नसतं, पण तो फाडावा असंही नसतं. तेव्हा कोपऱ्यात लिहायचं, 'दप्तरी दाखल', खाली तारीख आणि आद्याक्षरं. कागद मेला नाही, पण त्यानं टेबलावर बसून आपल्याकडे बघायचं थांबवलं. इतिहास, आरोग्य आणि इतर हे तिन्ही फड मी नवीन ग्रुप काढून त्यात हलवले, आणि ग्रुपला तेच नाव दिलं. तो ग्रुप काढायला पुन्हा आणखी एक माणूस लागला. या वेळी मी गुरुजींना घातलं आणि काढलं. हृदयविकाराचा तो एक लेख मात्र पहिल्याच ग्रुपात राहू दिला.

मग पाणी-शेतीच्या फडातला पहिला लेख उघडला. तो फडाच्या पाण्याबद्दलच निघाला, २०२० सालापासून पडून होता. दोनशेपानी वही आणली आणि लेख उतरवून घ्यायला बसलो. पूर्ण नव्हे, जे घ्यावंसं वाटलं तेवढंच. हाताला सवय राहिलेली नाही, करंगळी दुखते. पण लिहिताना दोन ठिकाणी लेखकाची चूक सापडली, म्हणजे मला वाटतं चूक आहे, मामा असते तर त्यांना विचारलं असतं, आणि पेन्सिलीनं समासात तसं लिहिलं. तिसऱ्या संध्याकाळी ही मेथी निवडायला समोर येऊन बसली आणि म्हणाली, "काय एवढं लिहिताय, मोठ्यानं तरी वाचा." वाचलं. सांडम आल्यावर ती म्हणाली, आमच्याकडे त्याला वेगळा शब्द होता, आणि तो आठवेना म्हणून तिनं माहेरी फोन लावला. तिथंही तो कुणाला आठवेना. दोन घरं रात्री दहापर्यंत जागी.

त्यानंतर तिनं अट घातली की मला त्या ग्रुपात परत घ्या. घेतलं. काढल्याला काही वर्षं झाली होती, तरी सेवेत खंड धरला नाही.

वहीची सोळा पानं भरली आहेत. ग्रुपवर काल तिनं सहा लेख टाकले.